बीपी आणि किडनी : नाशिकमधून वारंवार येणारे प्रश्न

नाशिक शहरातून आणि निफाड, दिंडोरी, सिन्नर, त्र्यंबक भागातून येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. सोपे आधी, गुंतागुंतीचे नंतर. उत्तरात दुसऱ्या प्रश्नाचा क्रमांक दिला असेल तर तो भाग तिथे वाचा. औषधांची नावं माहितीसाठी आहेत. डोस ठरवणं आणि गोळी बदलणं तुमच्या डॉक्टरांकडेच राहू द्या.

१. बीपीमुळे किडनी खराब होते, की किडनी खराब झाल्यामुळे बीपी वाढतं?

दोन्ही होतं, आणि बऱ्याचदा एकाच माणसात दोन्ही चालू असतं.

एका किडनीत सरासरी दहा लाख नेफ्रॉन, म्हणजे रक्त गाळणारे सूक्ष्म घटक, असतात. दोन्ही किडन्या मिळून दिवसाला साधारण १८० लिटर द्रव गाळतात. त्यातला दीड-दोन लिटर लघवीवाटे जातो, बाकीचा परत रक्तात येतो. बीपी वर्षानुवर्षं जास्त राहिलं की गाळणीकडे रक्त नेणाऱ्या बारीक धमन्या जाड आणि अरुंद होतात आणि काही नेफ्रॉन कायमचे बंद पडतात. त्यांचं काम उरलेल्यांवर येतं. त्यांच्यातला दाब वाढतो, मग तेही झिजतात.

उलट दिशेनं पाहिलं तर थकलेली किडनी मीठ पुरेसं बाहेर टाकू शकत नाही. मिठाबरोबर पाणी अडतं आणि बीपी चढतं. शिवाय रक्तपुरवठा कमी पडला की किडनी रेनिन सोडते. त्यातून अँजिओटेन्सिन तयार होतं आणि रक्तवाहिन्या आवळल्या जातात. पुढे अल्डोस्टेरॉन हे हार्मोन वाढून मीठ आणखी अडतं.

सुरुवात कुठून झाली याचे काही धागे मिळतात. बीपी वाढण्याआधीच लघवीत प्रथिनं किंवा रक्त दिसत असेल, तर आजार किडनीतून निघालेला असण्याची शक्यता मोठी. बीपी दहा-पंधरा वर्षांचं जुनं असेल, डोळ्याच्या पडद्यावर आणि हृदयाच्या भिंतीवर त्याच्या खुणा असतील आणि लघवीत प्रथिनं थोडीच असतील, तर बीपी आधीचं.

२. बीपीचं मूळ किडनीत असतं हे संशोधकांना कसं कळलं?

लंडनच्या गायज हॉस्पिटलमधल्या रिचर्ड ब्राइट यांनी १८३६ मध्ये किडनीच्या रुग्णांची निरीक्षणं मांडली. लघवीत प्रथिनं जाणाऱ्या या रुग्णांच्या शवविच्छेदनात किडन्या आक्रसलेल्या आणि हृदयाचा डावा कप्पा जाड झालेला दिसत होता. बीपी मोजायचा दंडाचा पट्टा त्यानंतर साठ वर्षांनी, १८९६ मध्ये रिव्हा-रोची यांनी आणला. म्हणजे आकडा हातात नसताना केवळ नाडी आणि हृदय पाहून हा संबंध लक्षात आला होता.

१८९८ मध्ये स्टॉकहोममध्ये टिगरस्टेट आणि बर्गमन यांनी सशाच्या किडनीचा अर्क दुसऱ्या सशाला टोचला आणि त्याचं बीपी वाढलं. त्या अर्कातल्या पदार्थाला त्यांनी रेनिन हे नाव दिलं. १९३४ मध्ये क्लीव्हलंडच्या हॅरी गोल्डब्लाट यांनी कुत्र्याच्या किडनीची धमनी चिमट्यानं अर्धवट आवळून कायमचं उच्च बीपी निर्माण करून दाखवलं. पुढे ब्राझीलमधल्या जराराका सापाच्या विषात अँजिओटेन्सिन बनवणारं एन्झाइम रोखणारे घटक सापडले. त्या धाग्यावरून कॅप्टोप्रिल तयार झालं, ज्याला अमेरिकेत १९८१ मध्ये परवानगी मिळाली. आज मिळणाऱ्या रॅमिप्रिल, एनालाप्रिलची सुरुवात तिथली.

आम्हाला सर्वांत पटणारा पुरावा मात्र किडनी प्रत्यारोपणाचा. १९८३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या अभ्यासात सहा रुग्ण होते. त्यांच्या किडन्या साध्या, कारण न सापडणाऱ्या बीपीमुळे निकामी झाल्या होत्या. बीपी नसलेल्या दात्याची किडनी बसवल्यावर त्यांचं बीपी औषधाशिवाय सामान्य राहिलं, आणि सरासरी साडेचार वर्षांनंतरही तसंच होतं. हृदय, रक्तवाहिन्या, स्वभाव सगळं जुनंच होतं, बदलली ती फक्त किडनी.

३. माझं क्रिएटिनिन १.१ आहे, रिपोर्टवर नॉर्मल लिहिलंय. मग किडनी ठीक आहे ना?

एवढ्यावरून सांगता येत नाही. क्रिएटिनिन हा स्नायूंमधून येणारा टाकाऊ पदार्थ आहे, त्यामुळे वय आणि लिंग धरल्याशिवाय त्या आकड्याला अर्थ नाही. क्रिएटिनिन, वय आणि लिंग यांवरून किडनी किती गाळते याचा अंदाज काढतात, त्याला ईजीएफआर म्हणतात. २०२१ च्या सीकेडी-एपीआय सूत्रानं १.१ चा हिशोब केला तर २५ वर्षांच्या पुरुषाचा ईजीएफआर सुमारे ९५ येतो, आणि ६० वर्षांच्या बाईंचा ५७ च्या आसपास. क्रिएटिनिन तेच, पण बाईंना तिसऱ्या टप्प्याचा किडनीविकार असू शकतो.

ईजीएफआर ९० किंवा जास्त हा पहिला टप्पा, ६० ते ८९ दुसरा, ४५ ते ५९ तिसरा-अ, ३० ते ४४ तिसरा-ब, १५ ते २९ चौथा आणि १५ च्या खाली पाचवा. पहिल्या दोन टप्प्यांत लघवीत प्रथिनं किंवा दुसरा एखादा दोष दिसला तरच विकार म्हणतात. बिघाड तीन महिने टिकल्याशिवाय दीर्घकालीन किडनीविकाराचं निदान करत नाहीत, म्हणून एका रिपोर्टवर घाबरू नका आणि निर्धास्तही होऊ नका.

आकडा फसवतो अशा काही जागा: आदल्या रात्री मटण खाल्लं असेल, जिममध्ये क्रिएटिन पावडर घेत असाल, किंवा भरपूर स्नायू असतील, तर क्रिएटिनिन उगाच जास्त दिसतं. कृश, वयस्कर, कमी प्रथिनं खाणाऱ्या माणसात ते उगाच कमी दिसतं आणि किडनी आहे त्यापेक्षा चांगली भासते. आपल्याकडे हा दुसरा प्रकार जास्त त्रासदायक, कारण त्यात आजार लपतो. शंका असेल तर सिस्टॅटिन-सी ही रक्ततपासणी करून घ्यावी. ती स्नायूंवर फारशी अवलंबून नसते, पण थायरॉइडचा बिघाड आणि स्टेरॉइड तिच्यावर परिणाम करतात.

४. लघवीची कोणती तपासणी करायची? सॅम्पल कसं द्यायचं?

लॅबमध्ये ‘युरिन अल्ब्युमिन-क्रिएटिनिन रेशो’, म्हणजे एसीआर मागा. अल्ब्युमिन हे रक्तातलं एक प्रथिन आहे. साध्या युरिन रूटीनमध्ये पट्टी बुडवून प्रथिनं पाहतात. ती पट्टी सुरुवातीची गळती पकडत नाही, आणि लघवी पातळ असेल तर मोठी गळतीही सुटू शकते. बीपी किंवा शुगर असलेल्या प्रत्येकानं वर्षातून एकदा ईजीएफआर आणि एसीआर दोन्ही करावेत. दहा वर्षं बीपीची गोळी खाऊन लघवी एकदाही न तपासलेले रुग्ण फार आहेत, आणि वेळेवर कळलं असतं तर वाचवता आली असती अशा किडन्या त्यांच्यातच जातात.

सॅम्पल सकाळच्या पहिल्या लघवीचं, मधल्या धारेचं द्या. ताप असेल, लघवीला जळजळ होत असेल, पाळी चालू असेल, किंवा आदल्या दिवशी खूप श्रम झाले असतील, तर पुढे ढकला. ३० मिलिग्रॅम प्रति ग्रॅमच्या खाली सामान्य, ३० ते ३०० मध्यम गळती, ३०० च्या वर मोठी गळती. हा आकडा रोज बदलतो. पहिल्यांदा जास्त आला तर तीन महिन्यांत आणखी दोनदा करा. तीनपैकी दोनदा जास्त आला तरच खरा धरतात.

लघवीला फेस येणं हे लक्षण उपयोगी आहे, पण जोरात धार पडली तरी फेस येतो, आणि सुरुवातीच्या गळतीत तो दिसतही नाही.

५. घरी बीपी कसं मोजायचं? दवाखान्यात १५० आणि घरी १३० येतं, खरं कोणतं?

नीट मोजलं असेल तर घरचं.

दंडाचं डिजिटल मशीन घ्या, मनगटाचं नको. पट्टा दंडाच्या घेराला बसणारा हवा. लहान पट्टा बीपी खोटं जास्त दाखवतो. मोजण्याआधी अर्धा तास चहा, तंबाखू, सिगारेट, जिना काही नको. लघवी करून या. पाठ टेकून, पाय जमिनीवर सपाट ठेवून पाच मिनिटं गप्प बसा. पट्टा उघड्या दंडावर, हृदयाच्या उंचीवर, हात टेबलावर टेकलेला. मोजताना बोलू नका. एका मिनिटाच्या अंतरानं दोनदा मोजा. पहिल्या वेळी दोन्ही दंडांचं घ्या आणि पुढे जास्त येणारा दंड वापरा.

डॉक्टरांकडे जाण्याआधी सात दिवस सकाळ-संध्याकाळ असं मोजा. सकाळचं माप गोळी घेण्याआधी घ्या. पहिला दिवस सोडून बाकीची सरासरी काढा. घरची सरासरी १३५/८५ किंवा जास्त आली तर ते उच्च बीपी, दवाखान्यात ही मर्यादा १४०/९० आहे. नेमके आकडे लिहा. ‘१३०/८०’ असे गोल आकडे वहीभर दिसले की डॉक्टरांना त्यावरून काहीच ठरवता येत नाही.

किडनीच्या रुग्णात रात्रीचं बीपी विशेष पाहावं लागतं. निरोगी माणसात झोपेत ते १० ते २० टक्के उतरतं. किडनीविकारात पुष्कळदा उतरत नाही, उलट चढतंही. ते पकडायला २४ तासांचं मशीन लावतात.

थंडीचा फरकही ध्यानात घ्या. डिसेंबर-जानेवारीत निफाडचा पारा उतरला की बीपी चढतं आणि एप्रिल-मेमध्ये उतरतं. हिवाळ्यात वाढवलेला डोस उन्हाळ्यात तसाच चालू राहिला तर चक्कर येते.

६. आमचे डॉक्टर १३० च्या खाली म्हणतात, कुठे १२० वाचलं. किडनीच्या पेशंटचं बीपी नक्की किती हवं?

१२० हा आकडा मुख्यतः २०१५ च्या अमेरिकेतल्या स्प्रिंट चाचणीतून आला. ९,३६१ जणांत वरचं बीपी १२० च्या खाली आणणं आणि १४० च्या खाली ठेवणं यांची तुलना झाली. १२० च्या गटात हृदयविकार, पक्षाघात आणि त्यामुळे होणारे मृत्यू मिळून सुमारे २५ टक्क्यांनी कमी झाले. किडनीविकार असलेल्यांनाही हृदयाचा हा फायदा मिळाला. मात्र किडनीची घसरण त्यामुळे मंदावली नाही. हा भाग सांगताना बहुधा गळून जातो. मधुमेह असलेले, पूर्वी पक्षाघात झालेले आणि लघवीतून दिवसाला एक ग्रॅमपेक्षा जास्त प्रथिनं जाणारे रुग्ण त्या चाचणीत नव्हतेच.

दुसरी गोष्ट मोजणीची. स्प्रिंटमध्ये पाच मिनिटं शांत बसवून मशीननं तीनदा मोजून सरासरी घेतली होती. ओपीडीच्या गर्दीत जिना चढून आल्याबरोबर घेतलेलं बीपी सहज ५ ते १० नं जास्त येतं. त्या मापावर १२० गाठायला गेलं तर औषध जास्त होतं. केडिगो या किडनी तज्ज्ञांच्या संस्थेनं २०२१ मध्ये १२० ची शिफारस केली तीही प्रमाणित मोजणीच्या अटीवर.

म्हणून तुमच्या डॉक्टरांचं १३०/८० हे व्यवहारात योग्य लक्ष्य आहे. लघवीत प्रथिनं जास्त असतील, माणूस धडधाकट असेल आणि मोजणी प्र. ५ प्रमाणे होत असेल, तर आणखी खाली जाण्याचा विचार करतात. पंचाहत्तरी ओलांडलेल्या आणि उभं राहताच तोल जाणाऱ्या आजोबांना १२० चा हट्ट नको. उभं राहिल्यावर तीन मिनिटांत वरचं बीपी २० किंवा खालचं १० नं पडत असेल तर ते आधी डॉक्टरांना सांगा. डायलिसिसवरच्या रुग्णांना यातलं कुठलंच लक्ष्य जसंच्या तसं लागू होत नाही.

७. मीठ किती खायचं? सैंधव चालतं का? मिसळ पूर्ण बंद का?

दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे सपाट एक छोटा चमचा, आणि यात भाजी, कणीक, ताक, लोणचं सगळं आलं. सैंधव, समुद्री, काळं मीठ हे सगळं मुख्यतः सोडियम क्लोराइडच आहे. सैंधवानं बीपी वाढत नाही हा समज फार पसरला आहे, तो चुकीचा आहे.

किडनीच्या रुग्णात मीठ कमी करण्याचा फायदा जास्त मिळतो. ऑस्ट्रेलियात २०१३ मध्ये तिसऱ्या-चौथ्या टप्प्याच्या २० रुग्णांचं मीठ कमी केलं तेव्हा २४ तासांचं बीपी सरासरी सुमारे १०/४ नं उतरलं. एखाद्या गोळीइतका हा परिणाम आहे. शिवाय मीठ जास्त असेल तर टेल्मिसार्टनसारख्या बीपीच्या गोळ्या लघवीतली प्रथिनं नीट कमी करू शकत नाहीत.

आपल्या घरात मीठ लपतं ते पापडात (मीठ आणि पापडखार, दोन्हींत सोडियम), लोणच्यात, कुरडया-सांडग्यांत, शेव-फरसाणात, खाऱ्या शेंगदाण्यांत आणि बेकरीच्या पाव-खारीत. मिसळीच्या ताटात रस्सा, फरसाण, पाव आणि वर पापड असे चार खारट पदार्थ एकत्र येतात. महिन्यातून एखाद्या वेळी खायची असेल तर रस्सा अर्धा, फरसाण नावाला, पापड नाही, आणि त्या दिवशीच्या बाकीच्या जेवणात वरून मीठ नाही. कणकेत मीठ घालणं थांबवलं तर दोन आठवड्यांत जीभ सरावते. लिंबू, आमसूल, जिरं, लसूण, कोथिंबीर यांनी चव राखता येते.

फसफसणाऱ्या गोळ्या आणि अ‍ॅसिडिटीची पावडरही यातच मोजा. पाण्यात विरघळणाऱ्या ५०० मिलिग्रॅम पॅरासिटामॉलच्या एका गोळीत सुमारे ४०० मिलिग्रॅम सोडियम, म्हणजे एक ग्रॅम मीठ असू शकतं.

खरंच किती मीठ जातंय ते कळायचं असेल तर २४ तासांची लघवी गोळा करून सोडियम मोजतात. आलेल्या मिलिमोलला १७ नं भागलं की मिठाचे ग्रॅम मिळतात. १७० आले तर १० ग्रॅम.

८. मग लो सोडियम मीठ आणावं का?

किडनी ठणठणीत असलेल्या बीपीच्या माणसासाठी चांगलं. चीनमध्ये ६०० गावांत झालेल्या आणि २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत असं मीठ वापरल्यानं पक्षाघात १४ टक्क्यांनी घटले. पण त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियम असतं. किडनीविकार असेल, किंवा प्रिल (रॅमिप्रिलसारख्या गोळ्या), सार्टन (टेल्मिसार्टनसारख्या गोळ्या), स्पायरोनोलॅक्टोन यांपैकी काही चालू असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय वापरू नका. पोटॅशियम साचलं तर हृदयाचे ठोके बिघडतात, आणि आधी कसलंही लक्षण दिसेलच असं नाही. त्या चाचणीत गंभीर किडनीविकाराचे लोक घेतले नव्हते.

९. द्राक्षं, बेदाणे, केळी, नारळपाणी बंद करायची का?

रिपोर्टमध्ये पोटॅशियम ठीक असेल तर नाही. ते ५.५ च्या वर जात असेल तेव्हाच हात आखडता घ्यायचा. १०० ग्रॅम ताज्या द्राक्षांत साधारण १९० मिलिग्रॅम पोटॅशियम असतं, केळ्यात ३५० च्या वर, बटाट्यात ४०० च्या वर आणि बेदाण्यात सुमारे ७५०. पोटॅशियम वाढलेल्या माणसानं मूठभर द्राक्षं खाल्ली तर चालतील, वाटीभर बेदाणे नकोत. बटाटा, पालेभाजी चिरून भरपूर पाण्यात उकळून पाणी टाकून दिलं की पोटॅशियम कमी होतं.

पोटॅशियम अचानक जास्त आलं तर आधी सॅम्पलची चौकशी करा. तालुक्याच्या कलेक्शन सेंटरमध्ये सकाळी घेतलेलं रक्त वेगळं न करता संध्याकाळी शहरातल्या लॅबला पोचलं, किंवा रक्त काढताना मूठ वारंवार आवळली, तर पेशींमधलं पोटॅशियम बाहेर येतं आणि आकडा खोटा वाढतो. मात्र ६ किंवा जास्त आलं तर ‘सॅम्पल चुकलं असेल’ म्हणत घरी थांबू नका. त्याच दिवशी ईसीजी काढा आणि तपासणी पुन्हा करा.

१०. टेल्मिसार्टन सुरू केल्यावर क्रिएटिनिन १.४ वरून १.७ झालं. गोळीनं किडनी बिघडली का? बंद करू?

बंद करू नका. ही वाढ सुमारे २१ टक्के आहे. सार्टन किंवा प्रिल गाळणीतला दाब मुद्दाम उतरवतं, त्यामुळे सुरुवातीला क्रिएटिनिन थोडं वाढतं. तो दाब उतरणं हाच उपचार आहे. गोळी सुरू केल्यावर किंवा डोस वाढवल्यावर दोन ते चार आठवड्यांत क्रिएटिनिन आणि पोटॅशियम तपासायचं. चार आठवड्यांत ३० टक्क्यांपर्यंतची वाढ मान्य असते.

३० टक्क्यांच्या पुढे गेलं तर कारण शोधतात: जुलाब झाले होते का, लघवीची गोळी (मीठ-पाणी लघवीवाटे बाहेर काढणारी) जास्त झाली का, वेदनाशामक चालू आहे का (प्र. १३), आणि यातलं काही नसेल तर दोन्ही किडन्यांच्या धमन्या अरुंद आहेत का (प्र. १६).

२००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या रेनाल आणि आयडीएनटी या चाचण्यांनी मधुमेही किडनीविकारात लोसार्टन आणि इर्बेसार्टन आजाराची चाल मंदावतात हे दाखवलं. किडनी खूप खालावल्यावर तरी या गोळ्या थांबवाव्यात का, हा प्रश्न ब्रिटनमधल्या २०२२ च्या स्टॉप-एसीई चाचणीनं तपासला. ईजीएफआर ३० च्या खाली असलेल्या ४११ रुग्णांत गोळी थांबवून किडनीला काही फायदा झाला नाही.

११. प्रिल आणि सार्टन दोन्ही एकत्र घेतलं तर दुप्पट फायदा होईल?

नाही. २००८ च्या ऑनटार्गेट चाचणीत रॅमिप्रिल आणि टेल्मिसार्टन एकत्र दिल्यावर लघवीतली प्रथिनं घटली, पण किडनीला इजा आणि डायलिसिसची वेळ जास्त आली. दोन वेगळ्या डॉक्टरांच्या चिठ्ठ्यांतून ही जोडी नकळत सुरू राहते. जुनी पाकिटं दाखवायला घेऊन जा.

१२. मला शुगर नाही, तरी डॉक्टरांनी डापाग्लिफ्लोझिन लिहिलंय. चुकून का?

चुकून नाही. गोळी मूळची शुगरची, पण किडनीसाठीही देतात. २०२० च्या डापा-सीकेडी चाचणीतले ४,३०४ पैकी सुमारे एक तृतीयांश रुग्ण मधुमेही नव्हते. किडनीची मोठी घसरण, डायलिसिस किंवा किडनी-हृदयाच्या कारणानं मृत्यू यांचं एकत्रित प्रमाण या गोळीनं ३९ टक्क्यांनी घटलं. त्याच गटातल्या एम्पाग्लिफ्लोझिननं पुढच्या मोठ्या चाचणीत असाच निकाल दिला. बीपी यानं थोडंच, तीन-चार मिमीनं उतरतं. इथेही पहिल्या काही आठवड्यांत ईजीएफआर थोडा घसरतो, त्याचा अर्थ प्र. १० सारखाच.

काळजी दोन. गुप्तांगाला बुरशीचा संसर्ग होऊ शकतो, म्हणून स्वच्छता आणि कोरडेपणा राखा. आणि उपास, उलट्या किंवा ऑपरेशनच्या वेळी गोळी थांबवण्याबद्दल विचारा, कारण शुगर जास्त नसतानाही रक्तात आम्ल साचू शकतं, विशेषतः मधुमेहींमध्ये.

१३. कंबर दुखते, छाटणीच्या हंगामात रोज एक दुखण्याची गोळी घ्यावी लागते. चालेल?

बीपी किंवा किडनीचा त्रास असेल तर नाही. डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन, एसिक्लोफेनॅक, नेप्रोक्सेन, इटोरिकॉक्सिब हा सगळा गट किडनीकडे जाणारी धमनी आवळतो, मीठ अडवतो आणि बीपी वाढवतो. सार्टन किंवा प्रिल, त्यावर लघवीची गोळी आणि त्यावर ही वेदनाशामक अशी तिन्ही एकत्र झाली, की काही दिवसांत किडनी अचानक बंद पडू शकते. द्राक्षबागेतल्या एप्रिलच्या खरड छाटणीत घामानं शरीर सुकलेलं असतं, तेव्हा हा धोका सर्वांत मोठा. मेडिकलवाल्याकडून मिळणाऱ्या सुट्या गोळ्यांच्या पुडीतही बहुधा यातलंच काहीतरी असतं. साधी पॅरासिटामॉल, शेक आणि मलम आधी वापरा. मलमही पाठभर, दिवसातून चार वेळा लावू नका.

वैदूकडच्या पुड्या आणि भस्मांबद्दल: काहींत शिसं, पारा आढळला आहे, काहींत स्टेरॉइड किंवा वेदनाशामक मिसळलेलं असतं. घटक छापलेले नसतील तर घेऊ नका.

१४. चैत्रात वणीच्या गडावर पायी जायचंय, बीपीच्या गोळ्या चालू आहेत. काय काळजी घेऊ?

चालणं चांगलंच. प्रश्न पाणी आणि मिठाच्या घटीचा आहे. भल्या पहाटे निघा, दुपारी बारा ते चार थांबा, लघवी गडद पिवळी होऊ देऊ नका. ज्यांना पाणी मोजून प्यायला सांगितलंय त्यांनी आधी डॉक्टरांशी बोलावं.

वाटेत उलट्या-जुलाब सुरू झाले, ताप आला किंवा खाणंपिणं बंद झालं, तर सार्टन किंवा प्रिल, लघवीची गोळी, डापाग्लिफ्लोझिनचा गट आणि शुगरचं मेटफॉर्मिन तात्पुरतं थांबवावं लागू शकतं. कोणती थांबवायची आणि कधी सुरू करायची हे आधीच डॉक्टरांकडून चिठ्ठीवर लिहून घ्या. साधारणपणे नीट खाऊ-पिऊ लागल्यावर २४ ते ४८ तासांनी परत सुरू करतात. अचानक थांबवू नये अशा गोळ्याही आहेत: क्लोनिडिन आणि मेटोप्रोलॉलचा गट. ओआरएसमध्ये मीठ असलं तरी जुलाबात तेच योग्य.

निर्जळी एकादशी किंवा कडक रोजा तिसऱ्या टप्प्याच्या पुढच्या रुग्णांनी विचारल्याशिवाय करू नये. उपासाचे वेफर्स आणि खारे दाणे यांचं मीठ प्र. ७ मध्ये मोजलं जातंच.

१५. सातपूरला रात्रपाळी असते. गोळी सकाळी घेऊ की रात्री?

ब्रिटनमध्ये एकवीस हजारांवर लोकांत झालेल्या, २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या टाइम चाचणीत सकाळ आणि संध्याकाळ यांत हृदयविकार किंवा पक्षाघाताचा फरक दिसला नाही. जी वेळ चुकत नाही ती खरी वेळ. पाळी बदलली तरी दोन डोसांत साधारण २४ तासांचं अंतर राहील असं पाहा. लघवीची गोळी झोपायच्या आधी नको, मग ती झोप दिवसाची असली तरी.

१६. तीन-तीन गोळ्या घेऊनही बीपी १६० च्या खाली येत नाही. आता काय?

आधी खरंच घेतल्या जातात का आणि मोजणी बरोबर आहे का (प्र. ५), मीठ किती (प्र. ७), वेदनाशामक चालू आहे का (प्र. १३) हे तपासा. निम्मं काम इथेच होतं. घोरणं आणि दिवसा पेंग असेल तर झोपेत श्वास थांबण्याची तपासणी करा.

मग तीन गोळ्यांत लघवीची गोळी आहे का ते पाहा. किडनी खालावली की थायझाइड गटाच्या गोळ्या चालत नाहीत असं पूर्वी मानायचे. २०२१ च्या क्लिक चाचणीत चौथ्या टप्प्याच्या १६० रुग्णांना क्लोर्थालिडोन १२.५ मिलिग्रॅमपासून दिलं, आणि बारा आठवड्यांत २४ तासांचं वरचं बीपी सुमारे ११ नं उतरलं. मात्र पोटॅशियम, सोडियम आणि क्रिएटिनिनवर लक्ष ठेवावं लागतं. किडनी ठीक असेल तर चौथी गोळी म्हणून स्पायरोनोलॅक्टोन सर्वांत प्रभावी ठरलं, हे २०१५ च्या पाथवे-२ नं दाखवलं. ईजीएफआर ४५ च्या खाली असेल तर ते जपून, कारण पोटॅशियम.

गोळी घेण्याआधीच पोटॅशियम कमी असेल तर अल्डोस्टेरॉन-रेनिनचं गुणोत्तर तपासावं. अ‍ॅड्रिनल ग्रंथीतून अल्डोस्टेरॉन जास्त स्रवण्याचा आजार कमी वेळा शोधला जातो, पण पोटॅशियम सामान्य असतानाही तो असू शकतो.

धमनी अरुंद असेल तर स्टेंट टाकायचा का? वयानुसार चरबी साचून अरुंद झालेल्या धमनीत, २०१४ च्या कोरल चाचणीनुसार, उत्तम औषधोपचारावर स्टेंटनं जास्तीचा फायदा झाला नाही. अपवाद: अचानक फुफ्फुसात पाणी भरत असेल, किडनी वेगानं घसरत असेल, किंवा कारण प्र. १७ मधलं असेल.

किडनीच्या धमनीभोवतीच्या नसा उष्णतेनं निकामी करण्याचं तंत्र २०१४ च्या एका चाचणीत बनावट प्रक्रियेपेक्षा सरस ठरलं नव्हतं. नंतर सुधारित उपकरणांच्या चाचण्या यशस्वी झाल्या आणि नोव्हेंबर २०२३ मध्ये अमेरिकेत परवानगी मिळाली. घट सरासरी पाच मिमीच्या आसपास आहे, गोळ्या बहुधा चालूच राहतात. वरच्या सगळ्या पायऱ्या झाल्याशिवाय यावर पैसे घालवू नयेत.

१७. मुलगी २४ वर्षांची, बीपी १७०. एवढ्या लहान वयात कसं?

या वयात कारण शोधलंच पाहिजे, नुसती गोळी देऊन परत पाठवणं चूक आहे. दोन्ही हातांचं आणि पायाचं बीपी घ्यावं, मनगटाच्या नाड्या तपासाव्यात, लघवीत रक्त आणि प्रथिनं पाहावीत, सोनोग्राफी आणि किडनीच्या धमन्यांचा डॉपलर करावा. आपल्या देशातल्या तरुण मुलींत टाकायासू हा धमन्यांच्या सुजेचा आजार महत्त्वाचं कारण आहे. एका हाताची नाडी मंद लागते आणि त्या हाताचं बीपी कमी येतं, त्यामुळे फक्त तोच हात मोजला तर आजार सुटतो. घरात कुणाच्या किडनीत अनेक गाठी असतील तर तो अनुवंशिक आजार प्रत्येक अपत्यात ५० टक्के शक्यतेनं येतो, आणि त्यात क्रिएटिनिन वाढण्याच्या पुष्कळ आधी बीपी वाढतं.

लग्न किंवा मूल यांचा विचार असेल तर डॉक्टरांना आधी सांगा. प्रिल आणि सार्टन गरोदरपणात बाळाच्या किडनीला इजा करतात. त्याऐवजी लॅबेटॅलॉल, निफेडिपिन, मिथिलडोपा वापरतात.

१८. बीपी नाही, शुगर नाही, तरी किडनी गेली. असं होतं का?

होतं. मध्य अमेरिकेतले ऊसतोड कामगार आणि आंध्रातला उद्दानम भाग इथे असा आजार मोठ्या प्रमाणावर दिसला आहे. उन्हात राबणाऱ्या तरुण माणसांना होतो, बीपी सामान्य किंवा जरा वाढलेलं, लघवीत प्रथिनं थोडीच. उष्णता आणि शरीर वारंवार सुकणं हे एक प्रमुख संशयित कारण आहे. कीटकनाशकं, पाण्यातले घटक यांवर अभ्यास चालू आहेत. शेतमजुरांनी बीपी ठीक असलं तरी वर्षातून एकदा क्रिएटिनिन तपासावं, कारण इथे लघवीची तपासणी एकटी पुरत नाही. मुतखड्यानं अडलेली किडनी हे दुसरं मूक कारण, त्यासाठी सोनोग्राफी.

१९. नाशिकमध्ये सरकारी सोय कुठे आहे? संशोधनात भाग घ्यायचा असेल तर?

बीपी, शुगर आणि प्राथमिक तपासण्या प्राथमिक आरोग्य केंद्र, उपजिल्हा रुग्णालय आणि त्र्यंबक रोडवरच्या जिल्हा रुग्णालयात होतात. किडनीच्या विशेष उपचारांसाठी शालिमारजवळचं विभागीय संदर्भ सेवा रुग्णालय आहे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत डायलिसिसचा समावेश आहे. रेशनकार्ड आणि आधार बरोबर ठेवा. जाताना जुने सगळे रिपोर्ट तारखेनुसार लावून न्या. किडनी तज्ज्ञाला आजच्या एका आकड्यापेक्षा पाच वर्षांचा उतार जास्त सांगतो.

भारतात २००९ पासून प्रत्येक औषध चाचणीची नोंद सीटीआरआय या सार्वजनिक नोंदवहीत करावी लागते. ती आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची) आहे आणि आजाराच्या नावानं त्यात शोधता येतं. कुणी चाचणीत घेतो म्हणाला तर नोंदणी क्रमांक मागा. संमतिपत्र मराठीत मागा, घरी नेऊन वाचा, सही केल्यावर एक प्रत स्वतःकडे ठेवा. चाचणीतल्या औषधाचे पैसे घेतले जात असतील तर सही करू नका, आधी चाचणीवर देखरेख करणाऱ्या आचार समितीकडे विचारा. तिचा संपर्क संमतिपत्रावर असायलाच हवा. २०१९ च्या नियमांनुसार चाचणीमुळे इजा झाली तर मोफत उपचार आणि भरपाईचा हक्क आहे, आणि कधीही, कारण न देता बाहेर पडता येतं. बाहेर पडलात म्हणून तुमचे नेहमीचे उपचार कुणी थांबवू शकत नाही.